नंबरप्लेटवरचे कापरेकर सर

सकाळची शिफ्ट गाठायचीय आणि तळेगाव-चाकण रोडवर गाड्या जागच्या हलत नाहीयेत. मोबाइल राहू द्या खिशात. पुढच्या एमएच-१४ बाइकचे शेवटचे चार आकडे बघा. समजा, २९१६. ते आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चंही तेच करा. उत्तर? परत ६१७४! चारही आकडे सारखे नसले की झालं. कुठलीही प्लेट घ्या, शून्य मात्र गाळू नका. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते.

हे १९४६ मध्ये शोधलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बीएस्सी झाले. पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिकवलं.

त्यांचं दुसरं वेड आणखी मोठ्या आकड्यांचं. १११ चा वर्ग १२३२१. नऊ वेळा एक लिहून वर्ग करा, येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या, उलटी वाचली तरी तीच! यात जादू नाही. कागदावर गुणाकार मांडा, एकेक घर सरकत नऊ ओळी होतात. मधल्या रकान्यात नऊ एकं, बाजूला आठ, मग सात. कुठेच हातचा येत नाही. दहा एकं घेतलीत, की हातचा येतो आणि नक्षी मोडते. या संख्यांना सरांनी नाव दिलं डेम्लो. कल्पना सुचली त्या डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव!

पण मोठ्या गणितज्ञांपैकी अनेकांना हा सगळा पोरखेळ वाटे. काही जण हसलेसुद्धा. सरांनी स्वतः पुस्तिका छापल्या, शाळाशाळांतून मुलांना आकड्यांचे खेळ दाखवले. १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत ६१७४ मांडला. जगाचं लक्ष गेलं ते १९७५ मध्ये, अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. सर सत्तरीत पोचले होते. बायको १९६६ मध्येच गेली होती. पेन्शन पुरेना म्हणून ते शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते गेले.

आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. लॅब नाही, ग्रँट नाही. कागद, पेन्सिल आणि हसणाऱ्यांकडे केलेलं दुर्लक्ष, एवढीच त्यांची सामग्री.

सिग्नल सुटला वाटतं. चला, उरलेल्या वजाबाक्या पुढच्या जॅममध्ये!