रेव्ह. स्टीफन हेल्स

अत्यवस्थ रोग्याच्या मनगटाजवळील धमनींत पुष्कळदां एक बारीक लवचीक नळी घालतात. तिच्या योगानें रक्ताचा दाब क्षणोक्षणीं यंत्रावर दिसतो. धमनींत नळी घालून हा दाब ज्यांनीं प्रथम मोजला ते वैद्य नव्हते, एका लहान मंडळीचे पाळक होते. त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

स्टीफन हेल्स यांचा जन्म इंग्लंडांतील केंट परगण्यांत इ. स. १६७७ मध्यें झाला. केंब्रिज येथें त्यांनीं धर्मशास्त्राबरोबर सृष्टिशास्त्राचाहि अभ्यास केला. १७०९ सालीं टेम्स नदीकांठच्या टेडिंग्टन गांवीं ते पाळक झाले व मरेपर्यंत त्यांनीं ती सेवा सोडिली नाहीं. निर्माणकर्त्याची कृति मोजून पाहिल्यानें त्याचें ज्ञानीपण अधिक उमजतें, अशी त्यांची श्रद्धा होती.

एका डिसेंबर महिन्यांत त्यांनीं सुमारें १४ वर्षांची, नासुरानें पीडलेली घोडी पाठीवर निजवून बांधिली. तिच्या मांडीच्या धमनींत पितळेची नळी बसवून तीस ९ फूट लांबीची कांचेची नळी जोडिली. रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलें, व हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखालीं होऊं लागलें. जनावरानें धडपड केल्यास जोड निसटूं नये म्हणून त्यांनीं हंसपक्ष्याची लवचीक श्वासनलिकाहि उपयोगांत आणिली.

हें वाचतांना आमचें मन कचरतें. बधिर करण्याचें औषध त्या काळीं नव्हतें. हेल्स यांचे शेजारी व स्नेही कवि पोप त्यांस सज्जन मानीत, तरी मुक्या प्राण्यांच्या या हालांमुळें त्यांस खेद होई. स्वतः हेल्स यांसहि या कामाचा वीट आला व कित्येक वर्षें तें बाजूस ठेवून ते वनस्पतींकडे वळले. झाडांत चढणाऱ्या रसाचा दाब मोजून त्यांनीं १७२७ सालीं ग्रंथ लिहिला. रक्तावरील ग्रंथ १७३३ सालीं निघाला.

पुढें तुरुंगांतील व जहाजांतील कोंदट हवेनें माणसें मरतात हें पाहून त्यांनीं हवा खेळती ठेवणारे मोठे भाते बनविले. मद्यपानाविरुद्धहि त्यांनीं लेखणी झिजविली. ४ जानेवारी १७६१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, ते प्रभूच्या ठायीं निजले. टेडिंग्टनच्या मंदिरांतच त्यांस मूठमाती मिळाली.

हेल्स यांस रोगजंतु ठाऊक नव्हते. आम्हांस ते ठाऊक आहेत. नळीच्या वाटेनें जंतु रक्तांत शिरले तर रोग्याचा प्राणहि जातो. म्हणून परिचारिका हात धुते, त्वचा जंतुनाशकानें स्वच्छ करिते, आणि गरज सरतांच नळी काढिली जाते. जें ज्ञान इतक्या वेदनांच्या मोलानें मिळालें, तें निष्काळजीपणानें वापरणें म्हणजे तें मोल मातींत घालणें होय. आमच्या मुलामुलींपैकीं जीं पुढें वैद्यकी किंवा शुश्रूषेचें काम पत्करतील, त्यांनीं हें ऋण ओळखून रोग्यास हात लावावा, एवढीच आमची विनंती आहे.