शब्दांची मोजदाद करणारे खलील इब्न अहमद

वाचकहो, एक छोटे कोडे सोडवून पाहा. तुमच्यापुढे १ ते २८ आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. त्यांतील तीन उचलून ओळीने मांडायच्या. अट एवढीच, की एका ओळीत तोच आकडा पुन्हा येता कामा नये. अशा किती ओळी होतील? पहिल्या जागेला २८ पर्याय, दुसरीला २७, तिसरीला २६. गुणाकार आला १९,६५६. आता आकड्यांच्या जागी अरबीची २८ अक्षरे ठेवा. आठव्या शतकात, बसरा शहरात, बोरूच्या कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या खलील इब्न अहमद अल्-फराहीदी यांच्यापुढे हेच कोडे होते.

त्यांचा जन्म सुमारे ७१८ साली ओमानात झाला असे मानतात. आयुष्य मात्र बसऱ्यात गेले. अरबी व्याकरणाचे महापंडित सीबवैह हे त्यांचेच शिष्य. अरबी काव्याची १५ वृत्ते पाच वर्तुळांत बसवून छंदःशास्त्र उभे केले तेही त्यांनीच. पण आपल्याला इथे पाहायचा आहे तो त्यांचा शब्दकोश, किताबुल ऐन.

कानावर पडतील ते शब्द टिपत गेले, तर एखादा निसटणारच. खलीलनी उलटी वाट धरली. अक्षरांपासून जेवढे धातू होऊ शकतात तेवढे आधी मांडायचे, मग लोकांच्या बोलण्यात कोणते आहेत ते तपासायचे. क, त, ब ही तीन अक्षरे घ्या. त्यांच्या मांडण्या सहा. एकीतून किताब आणि मकतब आले. दुसऱ्या काहींचे अर्थ अगदी निराळे, तर काही कोणी वापरतच नाही. या साऱ्यांचा विचार खलील एकाच ठिकाणी करीत. वापरातले ते मुस्तअमल, बिनवापराचे ते मुहमल.

आता तुम्ही विचाराल, अक्षर पुन्हा आले तर? आपल्या मराठीत रुळलेला रद्द शब्द पाहा: र, द, द. दोन्ही द सारखेच, म्हणून त्यांची अदलाबदल करून नवे काही हाती लागत नाही. सहाच्या तीनच मांडण्या उरतात. हद्दचेही तसेच. असे धातू खलीलनी दोन अक्षरी धातूंच्या प्रकरणात घातले, आणि तीन अक्षरींचा हिशेब स्वच्छ राहिला. मला तर त्यांची खरी हुशारी इथेच दिसते.

पुनरुक्ती न करता दोन अक्षरी ७५६, तीन अक्षरी १९,६५६, चार अक्षरी ४,९१,४०० आणि पाच अक्षरी १,१७,९३,६००. एकूण १,२३,०५,४१२. ही बेरीज नंतरच्या ग्रंथकारांनी खलील यांच्या नावावर नोंदविली आहे. कोश त्यांच्या हातून पुरा झाला नाही. तो शिष्य लैस यांनी पुरा केला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इतका मोठा विद्वान, पण दारिद्र्य सुटले नाही. अहवाजच्या सुभेदाराचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी दूताला घरातली सुकी भाकर दाखवून परत पाठविले, अशी कथा आहे.

मृत्यूचे साल कुठे ७८६, तर कुठे ७९१ मिळते. त्याचीही एक आख्यायिका आहे. बाजारात गेलेल्या मोलकरणीला वाण्याने फसवू नये, इतकी सोपी हिशेबाची रीत ते शोधीत होते. त्याच तंद्रीत मशिदीत शिरले, खांबावर आदळले, आणि त्या मारातून उठले नाहीत.