मुष्टियोद्धा जो लुईस

अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत १९१४ सालीं एका गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला जो लुईस १९३७ सालीं हेवीवेट मुष्टियुद्धांत जगज्जेता झाला. पुढें पंचवीस वेळां त्यानें तें पद राखिलें. त्याचा सर्वोत्तम सामना कोणता?

बहुतेक जण १९३८ चा सांगतात. जर्मन मल्ल मॅक्स श्मेलिंग यानें १९३६ सालीं त्यास बाराव्या फेरींत पाडिलें होतें. त्याचें उट्टें लुईसनें न्यूयॉर्क येथें अवघ्या १२४ सेकंदांत काढिलें. पुढें दोघे स्नेही झाले, हें आम्हांस त्या विजयाहूनही गोड वाटतें.

तथापि पहिला मान आम्ही १९४१ सालच्या सामन्यास देऊं. प्रतिस्पर्धी बिली कॉन वजनानें बराच हलका, परंतु विलक्षण चपळ. बारा फेऱ्यांअंतीं तोच पुढें होता. सावधपणें खेळता तर कदाचित् जिंकताही. पण तेराव्या फेरींत तो ईर्षेनें अंगावर चालून गेला, आणि फेरी संपण्यास दोन सेकंद असतां लुईसनें त्यास गारद केलें. श्मेलिंगपुढें लुईसला धीर धरण्याचा प्रसंगच आला नाहीं; येथें बारा फेऱ्या मार खात तो धरावा लागला.

तिसरें स्थान १९४८ सालच्या विजयास. आदल्या वर्षीं ज्यानें त्यास दोनदां भुईवर आणिलें, त्या जो वॉलकॉटला लुईसनें चौतिसाव्या वर्षीं अकराव्या फेरींत लोळविलें.