चिराग नगरचे शेजारी

आपल्या वर्गाच्या ग्रुपवर स्मरणिकेसाठी लेख मागवले आणि पहिल्या दोन दिवसांतच सगळे हक्काचे विषय संपले. सहल गेली, गॅदरिंग गेलं, पावसात तुंबलेलं मैदान गेलं, गणिताच्या बाईंचा धाकही कुणीतरी घेऊन टाकला. मला काही उरलं नाही म्हणून मी एका शेजाऱ्याबद्दल लिहिते आहे. आपण जन्मायच्या आधीच ते गेले होते, पण ते राहत होते तिथे आपल्या फाटकातून चालत दहा मिनिटांत पोचता येतं. मोठी माणसं अजूनही ज्याला आग्रा रोड म्हणतात त्या लालबहादूर शास्त्री मार्गाने गेलं की चिराग नगर लागतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते मासळी बाजारामुळे माहीत आहे. आई रविवारी पिशवी देऊन पाठवायची.

त्याच वस्तीतल्या एका झोपडीत अण्णाभाऊ साठे सुमारे वीस वर्षं राहिले. नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पुतळ्यावरून, चौकावरून, जयंतीच्या मिरवणुकीवरून. मलाही तेवढंच ठाऊक होतं. २०२० साली त्यांची जन्मशताब्दी होती आणि आपण सगळे घरात कोंडलेले होतो. ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर आलं होतं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा ‘फकिरा’ वाचली आणि मग एकामागून एक मिळेल ते वाचत गेले.

वाटेगाव आज सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आहे, तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता. तिथल्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. त्याचं नाव तुकाराम. इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली या समाजावर शिक्का मारला होता. गावात चोरी कुणीही करो, पोलीस आधी मांगवाड्यात शिरायचे. धडधाकट माणसाने रोज जाऊन हजेरी लावायची, हा नियम.

हा तुकाराम शाळेत गेला तो दीड दिवस. जातीमुळे मिळालेली वागणूक आणि मास्तरांचा मार, एवढंच शिक्षण त्याला तिथे मिळालं. दुसऱ्या दिवशी अर्ध्यातून तो जो बाहेर पडला तो परत गेला नाही. मित्रमैत्रिणींनो, आपण दहा वर्षं एका शाळेत काढली म्हणून आज स्मरणिका काढतो आहोत. त्या दीड दिवसाचा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

पण गावाने त्याला दुसरं खूप काही दिलं. वारणेचं खोरं, डोंगर, जत्रा, दांडपट्टा, पोवाडे, तमाशाचे फड, आणि घराघरात सांगितल्या जाणाऱ्या बंडखोरांच्या गोष्टी. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट फकिराची. फकिरा त्यांच्याच नात्यातला, इंग्रजांविरुद्ध उठलेला. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा फकिराने लुटलेल्या खजिन्यातले ओंजळभर रुपये बाळंतिणीसाठी दिले, अशी आठवण घरात सांगत असत.

तुकाराम अकरा-बारा वर्षांचा असताना कुटुंबाने गाव सोडलं. खायला नव्हतं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून मजल दरमजल करत, वाटेत मिळेल ते काम करत ही माणसं मुंबईला पायी आली. आधी भायखळा, पुढे माटुंग्याचा लेबर कँप. मुलाने हमाली केली, फेरीवाल्याचं गाठोडं वाहिलं, कोळसा उचलला, गिरणीत काम केलं. आणि वाचायला शिकला तो दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. आमच्या आयटीत एखादा मुलगा पदवी नसताना स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅमिंग शिकला की आम्ही त्याचं केवढं कौतुक करतो. त्याच्याकडे निदान लॅपटॉप असतो.

लेबर कँपातच ते कामगार चळवळीत ओढले गेले आणि कम्युनिस्ट पक्षाचे झाले. तिथल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला, तो त्यांच्या पहिल्या रचनांपैकी एक. डासांपासून सुरुवात केलेला हा शाहीर थोड्याच काळात दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा गात होता. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णाभाऊंची लेखणी गिरणगावात आणि गावोगावच्या मैदानांत हजारो माणसं जमवू लागली.

इथून त्यांच्यातला नाटककार सुरू होतो. तमाशा त्यांना घरचाच होता, नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात ते तरुणपणी वावरले होते. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा त्यांनी हाताशी घेतला आणि आतून बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गवळण त्यांनी काढून टाकली. वगातल्या राजाराणीच्या जागी सावकार, जमीनदार, काळाबाजारवाला शेठ, मतं मागणारा पुढारी आणि त्यांना पुरून उरणारा साधा शेतकरी उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्यं स्वातंत्र्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली. नुसती नावं वाचली तरी कळतं की लोक पोट धरून हसत असणार आणि घरी जाताना विचारात पडत असणार.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही बंधनं आली. अण्णाभाऊंनी खेळ थांबवले नाहीत. तमाशा नको असेल तर हे लोकनाट्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज आपण हा शब्द सहज वापरतो, तो रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचं ‘माझी मुंबई’ गाजलं. त्यांची मैनेची छक्कडही त्याच काळातली. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, मागे गावाकडे राहिलेली बायको, आणि त्या ताटातुटीतून गाणं हळूहळू बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत जातं. घाटकोपरमध्ये अशा नवऱ्यांची कमी नव्हती. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा असेच एकटे येऊन खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहिले होते.

आता चिराग नगर. पत्र्याची झोपडी, समोर गटार, पावसाळ्यात आत येणारं पाणी, आणि त्या गर्दीत बसून हा माणूस वारणेच्या खोऱ्यातला वारा आणि माळ लिहीत होता. गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी त्यांच्या लिहिण्यातून गाव सुटलं नाही. ‘वारणेच्या खोऱ्यात’मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे दिवस आहेत, ‘वारणेचा वाघ’मध्ये सत्तू भोसले हा बंडखोर आहे. १९५८च्या ‘इनामदार’ नाटकात गावातली जुनी सत्ता आहे. आणि १९५९ साली ‘फकिरा’ आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली.

‘फकिरा’ची सुरुवात गावाच्या जोगणीपासून होते. शेजारच्या शिगावातून जोगणी आणायची, म्हणजे गावाला मान आणि जत्रेचा हक्क मिळणार. फकिराचा बाप राणोजी ती आणतो आणि त्यापायी त्याचं मुंडकं उडवलं जातं. पुढे दुष्काळ पडतो, वस्ती उपाशी मरू लागते, तेव्हा फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. सरकार त्याच्या माणसांना अडकवून ठेवतं आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला फार तर दरोडेखोर म्हटलं असतं, त्याला अण्णाभाऊंनी त्याचं नाव, त्याचा गाव आणि त्याच्या कृतीमागचं कारण परत मिळवून दिलं. १९६१ साली कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं.

चिराग नगरही त्यांच्या लिहिण्यात आलं. ‘चिराग नगरची भुतं’ हा कथासंग्रह तर वस्तीच्या नावाचाच आहे. पण मला झोप येऊ दिली नाही ती ‘स्मशानातील सोनं’ या कथेने. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत काम धरतो. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात मढी उकरून सोन्याचा कण शोधू लागतो. एका रात्री त्याची बोटं प्रेताच्या दातांत अडकतात आणि तो ती गमावतो. नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारे हात आता निकामी झालेले असतात. नोकरकपातीची यादी लागलेल्या आठवड्यात मी ही कथा वाचली होती, हे इथे सांगून ठेवते.

तीसहून अधिक कादंबऱ्या, दहाहून अधिक लोकनाट्यं, कथासंग्रह, पोवाडे, लावण्या. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ यांवर सिनेमे निघाले. तरीही पैसा त्यांच्याकडे टिकला नाही. शेवटच्या काळात सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये घर मिळालं, पण तोवर तब्येत आणि मन दोन्ही ढासळलं होतं. १८ जुलै १९६९ रोजी ते तिथेच गेले. ४९ वर्षं पुरी व्हायला चौदा दिवस बाकी होते. आपली बॅच आता त्याच वयाच्या आसपास आहे. २००२ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं आणि २०२२ साली मॉस्कोच्या एका ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

आता हे सगळं मी का लिहिते आहे ते सांगते. दहावीला बोर्डाचे फॉर्म भरत होतो. मी मॉनिटर, फॉर्म गोळा करून तपासत होते. खिडकीकडच्या बाकावरच्या एका मैत्रिणीने पत्त्यात फक्त एल. बी. एस. मार्ग, घाटकोपर पश्चिम एवढंच लिहिलं होतं. मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगितलं की पत्ता पूर्ण लिही, तू चिराग नगरला राहतेस ना. वर्ग हसला. मीही हसले. तिने काही न बोलता फॉर्म परत घेतला, ते दोन शब्द लिहिले आणि माझ्याकडे न बघता दिला. त्यानंतर शाळा संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

नियमाने मी बरोबर होते, एवढी एक पळवाट मी बरीच वर्षं धरून ठेवली होती. ‘फकिरा’ वाचली आणि ती पळवाट बंद झाली. तिने लपवलेला पत्ता मराठीतल्या एका फार मोठ्या लेखकाचा होता. तो तिलाही माहीत नव्हता आणि मलाही नाही. वर्गात कुणीतरी तो आधी सांगितला असता तर तिने तो कदाचित ठळक अक्षरात लिहिला असता. बाई आणि सर, ही तक्रार नाही. तुम्ही साठ-साठ मुलांना सांभाळत होतात. हसणाऱ्यांत मी होते, तुम्ही नव्हता.

दोन विनंत्या आहेत. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या वाचनालयाला अण्णाभाऊंची पुस्तकं द्यावीत. माझा वाटा मी आधीच खजिनदारांकडे दिला आहे. आणि संमेलनाच्या दिवशी सकाळी, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी चिराग नगरला जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी शाळेच्या फाटकाशी भेटावं. ती मैत्रीण यादीत आहे असं कळलं. तिने आमच्या पुढे चालावं, गल्ल्या तिला माहीत आहेत. माफी मला तिच्यासमोर मागायची आहे, छापून नव्हे.