कवळाण्याचे गोपाळराव, बडोद्याचे सयाजीराव

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे हे लहानसे गाव आहे. तेथील काशीराव व उमाबाई गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. बडोद्याच्या राजवंशाचीच ही दूरची शाखा; परंतु राजवैभवाचा मागमूसही तेथे नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळरावांना अक्षरओळखसुद्धा झाली नव्हती.

१८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. काशीरावांची मुले बडोद्यास आणण्यात आली व त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन ते सयाजीराव झाले. दत्तविधानाने राज्य लाभले, पण जन्मदात्यांशी असलेले नाते शास्त्रतः सुटले. जमनाबाईसाहेबांनाही ऐन तारुण्यात वैधव्य आले होते. पदरी ताराबाई ही लहान कन्या होती. आईपासून दुरावलेला मुलगा आणि पतीवियोग सोसलेली माता यांचे नवे घर असे उभे राहिले. दिवाण सर टी. माधवराव राज्याची घडी बसवीत असता एलियटसाहेबांच्या हाताखाली महाराजांचे शिक्षण झाले आणि १८८१ च्या अखेरीस त्यांनी राज्यसूत्रे हाती घेतली.

१८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई चिमणाबाई महाराणी होऊन आल्या. त्याही माहेरापासून शेकडो कोस दूर आलेल्या. अवघ्या पाच वर्षांत क्षयाने त्यांचा अंत झाला. रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा १८९६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभारला गेला. पुढे देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई दुसऱ्या चिमणाबाई झाल्या आणि घर पुन्हा भरले. तथापि फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये व जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन तरुण पुत्र महाराजांना आपल्या हयातीतच गमवावे लागले.

एवढे आघात सोसूनही त्यांनी प्रजेच्या मुलांचा विसर पडू दिला नाही. १८९३ साली अमरेली प्रांतात सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये राज्यभर लागू झाले. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी पोहोचू लागली. बाराव्या वर्षी प्रथम अक्षर गिरवणाऱ्या राजाला कवळाण्यासारख्या गावांतील मुलांची उणीव नेमकी ठाऊक होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. दत्तक म्हणून ज्या नगरीत ते आले, त्या नगरीचेच ते पालक झाले.