कोल्हापूरचे चवथे शिवाजी महाराज

होळीच्या सुमारास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा भरते. हजारो नारळांची होळी पेटते आणि दूरदूरची माणसे दर्गाहपुढे येऊन बसतात. त्या गर्दीत आपल्या तरण्याताठ्या मुलाचा हात घट्ट धरून बसलेली एखादी वृद्ध माता हटकून दिसते. मुलगा आपल्याशीच काही पुटपुटत असतो. त्याची नजर कोठेच ठरत नाही. ह्या मंडळींस हसणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या घरात असा एक जाणता मनुष्य भ्रमिष्ट झाला आहे, त्यास रात्री कोणी सांभाळावे, त्याच्या हातून कोणास अपाय होऊ नये आणि कोणाच्या हातून त्यासही अपाय होऊ नये ही तजवीज कशी करावी, हा प्रश्न हसणाऱ्यांस कधी पडलेला नसतो.

हे संकट गरिबाघरचेच, पैसा असता म्हणजे सर्व ठीक झाले असते, अशी आपली समजूत असते. ज्या जिजाऊंचे माहेर आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा, त्यांच्या नातवाच्या, म्हणजे राजाराम महाराजांच्या शाखेकडे कोल्हापूरची गादी होती. त्याच गादीवर, दत्तकाने चालत आलेल्या परंपरेत, एक तरुण राजा असा झाला की त्याची हकीकत वाचून ही समजूत राहू नये.

इ. स. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासास गेले होते. परत येताना ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात त्यांचा अंत झाला. त्यांस पुत्र नव्हता. तेव्हा भोसले कुळातील नारायणराव नामक बालकास १८७१ साली दत्तक घेऊन त्यांचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. त्यांचा जन्म ५ एप्रिल १८६३ चा. म्हणजे गादीवर बसताना वय अवघे आठ वर्षांचे. राज्याचा कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चाले आणि महाराजांचे शिक्षणही सरकारच्याच विचाराने होई. आपल्यापैकी खालच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांनी क्षणभर कल्पना करावी: आठव्या वर्षी आई सुटली, नाव पालटले, आणि आजूबाजूस जे कोणी होते ते सारे नोकर किंवा अधिकारी. ह्यामुळेच पुढील दुखणे उद्भवले असे मात्र मी म्हणणार नाही. मनाचे रोग सुखी घरातही होतात, आणि ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर ते विशेषेकरून प्रकट होतात हे वैद्यकास चांगले ठाऊक आहे.

यथाकाल महाराजांचा विवाह आनंदीबाईसाहेबांशी झाला. पण विशीच्या आतच त्यांच्या मनाची स्थिती बिघडली असे सरकारी अधिकाऱ्यांनी ठरविले. त्या वेळी कोल्हापूरचे दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे हे होते. महाराज खरोखर वेडे नाहीत, त्यांस छळून वेडे केले जात आहे, असा प्रवाद सर्वत्र पसरला. पुण्यास नुकतीच, १८८१ च्या जानेवारीत, केसरी व मराठा ही पत्रे निघाली होती. त्यांचे चालक टिळक व आगरकर हे दोघेही पंचविशीतले होते आणि त्यांच्या अंतःकरणात छत्रपतींच्या वंशाविषयी अपार कळवळा होता. बर्वे ह्यांच्या हातची म्हणून जी पत्रे त्यांच्याकडे आली, त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी दिवाणांवर जळजळीत लेख लिहिले. बर्वे ह्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट ठरली. चालकांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात त्यांस चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी दोघे सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतास लोकांची दाटी झाली. त्या कैदेत आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाच्या रूपांतराचे काम केले. राजपुत्राचे वेड खरे की सोंग, ह्या प्रश्नाभोवतीच ते नाटक फिरते. मनुष्याचे मन कोठे गुंतले होते हे त्यावरून दिसते.

येथे एक गोष्ट माझ्या मनास फार लागते. सारा महाराष्ट्र वाद घालीत होता तो महाराज वेडे आहेत की नाहीत ह्याचा. एका पक्षाने वेड सिद्ध केले, दुसऱ्याने ते नाकारले. वेडे असोत वा नसोत, ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याजवळ त्यांचा जीव सुरक्षित आहे काय, ही पृच्छा त्या गदारोळात बाजूस पडली. खटला संपला आणि ती पृच्छाही संपली. चालक सुटले म्हणून लोकांनी जयजयकार केला. पण ज्यांच्यासाठी हे सारे झाले ते सुटले नव्हते.

१८८२ सालीच राज्यकारभारासाठी कागलचे अधिपती जयसिंगराव घाटगे ह्यांच्या प्रमुखत्वाखाली व्यवस्था करण्यात आली. राज्याची सोय लागली. महाराजांस मात्र कोल्हापुरापासून दूर अहमदनगर येथे, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, ठेवण्यात आले. तेथे त्यांच्यावर ग्रीन नावाचा गोरा शिपाई पहाऱ्यास होता. पहारा करणे आणि शुश्रूषा करणे ही दोन निराळी कामे आहेत. रोगी चिडला, अंगावर आला, तर मागे कसे सरावे, शब्दाने कसे शांत करावे, बळ वापरावेच लागले तर किती व कोठवर, ही विद्या पलटणीत शिकवीत नाहीत. २५ डिसेंबर १८८३, नाताळच्या दिवशी, ग्रीन व महाराज ह्यांची झटापट झाली आणि तीत झालेल्या दुखापतीने महाराज निवर्तले. वय वीस वर्षे आठ महिने.

त्या काळी ह्याहून चांगला उपाय कोणास ठाऊकच नव्हता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. इंग्लंडात यॉर्क शहरी १७९० साली हॅना मिल्स नावाची एक क्वेकर पंथाची स्त्री वेड्यांच्या इस्पितळात थोड्याच आठवड्यांत मरण पावली. तिच्या मित्रमंडळीस तिला भेटू दिले नव्हते. आत काय घडले हे कोणासच कळेना. तेव्हा विल्यम टयूक नामक चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये त्याच शहरात निराळे गृह उघडले. तेथे साखळदंड नव्हते; बागेत काम, सौम्य बोलणे व घरगुती वागणूक हेच मुख्य उपचार होते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्यासही वेड लागले होते. प्रथम त्याच्या वैद्यांनी त्यास बांधून ठेवण्यास कमी केले नाही. पण १८११ साली युवराजास राज्य सोपविताना राजाच्या देहाची काळजी राणीकडे राहील असे कायद्यानेच ठरविण्यात आले. कोल्हापूरच्या राजाची राणी हयात होती.

आपल्या प्रांतात नागपुरास १८६४ पासून मनोरुग्णांचे इस्पितळ आहे, आणि वऱ्हाडातील कुटुंबे आजही तेथे जातात. आता २०१७ चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा झाला असून तो २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्याची त्यात बंदी आहे. इस्पितळात असताना आप्तेष्टांस भेटण्याचा व त्यांच्याशी बोलण्याचा रुग्णास हक्क आहे, आणि अन्याय झाल्यास पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. नागपूरपर्यंत जाण्यापूर्वी कोणास नुसता सल्ला हवा असेल तर १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा विनामूल्य मिळते. ज्या मातेचा उल्लेख मी आरंभी केला, तिला ह्यांतील किती गोष्टी कोणी सांगितल्या असतील ह्याची मला शंकाच आहे.

महाराजांच्या पश्चात तीन महिनेही झाले नव्हते तोच, १७ मार्च १८८४ रोजी, विधवा आनंदीबाईसाहेबांनी जयसिंगराव घाटगे ह्यांचे पुत्र यशवंतराव ह्यांस दत्तक घेतले. त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. तेही त्या वेळी दहा वर्षांच्या आतलेच होते. त्यांच्या चरित्रावर पुढे ग्रंथ झाले. त्या ग्रंथांच्या पहिल्या प्रकरणात, दत्तविधानाचे कारण सांगताना, चवथ्या शिवाजी महाराजांचे नाव येते.