योहान मायगेन : माश्या ओळखणारे गुरुजी

ॲनोफिलीस आणि एडिस ही डासांची नावं आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ही दोन्ही नावं दिली एका शाळामास्तरांनी, १८१८ साली!

योहान विल्हेल्म मायगेन यांचा जन्म ३ मे १७६४ रोजी जर्मनीतल्या झोलिंगेन गावी झाला. घरची गरिबी. पुढे श्टोलबर्ग गावात त्यांनी फ्रेंच आणि चित्रकला शिकवली, ऑर्गनही वाजवला. छंद मात्र एकच, माश्या आणि डास! म्हणजे ज्यांना दोनच पंख असतात असे कीटक.

लिनियसने या सगळ्या कीटकांना १७५८ मध्ये जेमतेम १० प्रजातींत बसवलं होतं. फॅब्रिशियस तोंडाच्या अवयवांवरून वर्गीकरण करत असे. पण टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या नमुन्याचं बघा. पोट आक्रसतं, रंग उडतो. इवल्याशा माशीचं तोंड तर भिंगातूनही नीट दिसत नाही. पंख मात्र वाळल्यावरही तसेच राहतात. त्यावरच्या शिरा कुठे फुटतात, कुठे जुळतात, हे मायगेन यांनी बारकाईने पाहिलं आणि हाताने रेखाटलं. पंखांच्या शिरा, शृंगिका, पायांवरचे केस असं सगळं एकत्र तपासूनच ते निर्णय घेत. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

डासांचंच उदाहरण घ्या. सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन स्पर्शक असतात. नर-मादी दोघांचेही लांब, तर ॲनोफिलीस; दोघांचेही आखूड, तर एडिस; नराचे लांब नि मादीचे आखूड, तर क्युलेक्स. त्यांनी अशी विभागणी केली तेव्हा मलेरिया डासांमुळे होतो हे सिद्धच झालं नव्हतं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला ॲनोफिलीसच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तो १८९७ मध्ये! कुठल्या डासावर नजर ठेवायची, हे सांगायला नाव आधीच तयार होतं.

युरोपातल्या माश्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८१८ ते १८३८ या काळात सात खंडांत निघाला. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांपैकी एका जातीचं, मेलॅनोगॅस्टर हे नावही त्यांनीच १८३० मध्ये दिलं. पुढे आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळांत हीच माशी गाजली.

११ जुलै १८४५ रोजी श्टोलबर्गमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह आज पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. जुन्या वर्णनाबद्दल शंका आली, की अभ्यासक आजही टाचणीवरच्या त्याच माश्या पुन्हा तपासतात.